बुधीचा उतार

तंबू आणायचे होते, एवढंच काम. माझा भाचा साईनाथ, किन्हवलीचा. टोकावड्याच्या अलीकडे डोंगरपायथ्याला एका शेठचा कॅम्प आहे, तिथं तो स्वतःची जीप घेऊन कामाला होता. चारी चाकांना जोर लागणारी, फोर बाय फोर. पाव्हण्यांना वर माळावर न्यायचं आणि उभ्या उतारावरून खाली आणायचं. लोक किंचाळतात, व्हिडिओ काढतात, परत येतात. सुयोग, तू आता मोबाइलवर दाखवलास ना, तोच उतार. रविवारी तुला नि काजलला तिथं जायचंय. जा. पण आधी ऐका. साईनाथने मला स्वतः सांगितलंय हे, याच ओट्यावर बसून.

ती खेळायची जागा नाय रे. वरच्या पाड्याची ती वाट. रेशन, शाळा, दवाखाना, सगळं तिथूनच. रस्ता मंजूर झाला म्हणून कितीदा नारळ फुटले, रस्ता काय आला नाय. आला तो शेठ. पावसाळ्यात त्याच्या जीपांनी ती वाट अशी नांगरली, की आजाऱ्याची झोळी खांद्यावर घेऊन उतरणाऱ्याचा पाय पोटरीपर्यंत रुतायचा.

गेल्या वर्षी श्रावणात त्या पाड्यावरच्या कमळूची बायको बुधी अडली. बाळ आडवं होतं. पाड्यातल्या माणसांनी तिला झोळीत घातलं आणि उतरायला लागले. अर्ध्या उतारावर ऐनाचं झाड आहे. तिथं वाट अडवून जीपा उभ्या. एक रुतलेली, बाकीच्या खोळंबलेल्या. सगळ्यात खालची साईनाथची तेवढी मोकळी होती. कमळूने हात जोडले. म्हणाला, दादा, हिला तेवढी खाली रस्त्याला सोड, पुढचं आमी बघतो.

साईनाथ म्हणाला, "मालकाला विचारून सांगतो."

विचारलं त्याने, फोनवर. शेठ म्हणाला, सीट खराब होईल, पाव्हण्यांचा टाइम जाईल, पाड्यातले आले तसे जातील. आणि माझा भाचा, माझ्या सख्ख्या बहिणीचा मुलगा, फोन खिशात घालून काचेतून समोर बघत बसला. जीपांच्या कडेनं चिखलातून झोळी काढेस्तोवर बुधी त्या ऐनाखाली गेली. बाळही गेलं. ती ओरडली नाय म्हणे. साईनाथकडे बघत होती. डोळे तसेच उघडे राहिले.

हे कळलं तेव्हा मी त्याला दारात उभा केला नाय. अजून आठवलं की माझं डोकं तापतं.

मग आली सर्वपित्री अमावस्या. रविवार होता. पाव्हणे दुपारीच निघून गेले, तंबू माळावर राहिले. शेठने साईनाथला पाठवलं. तंबू जीपमध्ये भरेस्तोवर अंधार पडला. पाऊस थांबला होता, पण माती लोण्यासारखी झालेली.

उतरायचं कसं हे त्याला शिकवायची गरज नव्हती. गाडी लो गियरला, पहिल्यात टाकायची. क्लच सोडून पाय मोकळे ठेवायचे. इंजिनच गाडीला धरून आणतं. ब्रेक दाबायचा नाय. चाकं अडली की गाडी घसरते, मग स्टेअरिंग कुठंही फिरव, ती तुझी राहत नाय. तोंड सरळ खाली ठेवायचं. आडवी झाली की उलटली.

तसाच तो निघाला. इंजिन गुरगुरत होतं. सगळं नीट चाललं होतं.

ऐनाजवळ गाडी जड झाली.

मागचा भाग खाली बसला, कुणी चढल्यासारखा. त्याने आरशात बघितलं. तंबूंच्या गुंडाळ्या. दुसरं काय नाय. मग कण्हणं ऐकू आलं. बाईचं. दात आवळून धरलेलं... त्याला वाटलं, इंजिन असेल. इंजिन नव्हतं.

मानेवर ऊन श्वास आला.

"मालकाला विचारलंस?"

काजल, इकडे सरक, बस माझ्याजवळ. आवाज रडका नव्हता, असं म्हणाला तो. रागाचा होता. इतका राग जिवंत माणसाच्या छातीत मावायचा नाय.

त्याचा पाय ब्रेकवर गेला.

चाकं अडली. गाडी सुटली. आडवी झाली. डावीकडे दरी. ब्रेक सोडायला हवा होता. पाय उचलेना. दिव्यांचा उजेड दरीत पडला... खाली नुसते झाडांचे शेंडे. त्याने डोळे मिटले. मला म्हणाला, मामा, तेव्हा बरं वाटलं. सुटलो एकदाचा.

मग ती पुन्हा बोलली. आता मागून नाय. पुढून. बॉनेटच्या पलीकडून.

"मरून सुटतोस काय?... नाय."

गाडी थांबली.

इंजिन बंद. किडे गप्प. कुठं पानसुद्धा...

मग गाडी हळूहळू सरळ झाली. खाली जायला लागली. इंजिनाशिवाय. धक्का नाय, खड्डा नाय. साईनाथचे हात मांडीवर होते. डोळे मिटलेले. ती पुढं आहे, एवढं त्याला कळत होतं...

डांबर आलं.

रात्रभर तो गाडीतच बसून राहिला. उजाडल्यावर तो उतार टाळून रानातून पाडा चढला, कमळूच्या दारात उभा राहिला आणि सगळं सांगितलं. कमळूने त्याच्या थोबाडीत मारली. मग दुसरी मारली. साईनाथने हात वर केला नाय.

शेठचं काम त्याने त्याच दिवशी सोडलं. आता त्याची जीप पाड्याच्या पायथ्याला उभी असते. कुणी अडलं, कुणाला साप चावला, तर हाक मारायचा अवकाश, तो वर जातो आणि माणूस खाली आणतो. कमळूने त्याला माफ केलं का, मला माहीत नाय. मी केलेलं नाय. शेठचा कॅम्प चालूच आहे. न चालायला काय झालं? तुमच्यासारखे जातात ना.

त्या सकाळी थोबाडीत मारून झाल्यावर कमळू अंगणात उतरला. साईनाथला पुढं घालून उतार बघायला निघाला. रात्री पाऊस पडला नव्हता. माती होती तशी होती. वरून ऐनापर्यंत चाकांचे खोल चर. दरीच्या काठाला घसरल्याची खूण. आणि तिथून खाली, पार डांबरापर्यंत... चाकाचा एकही ठसा नाय.

नुसती पावलं. एका बाईची. अनवाणी. बोटं डोंगराकडे, टाचा खोल रुतलेल्या. ओझं खालून पेलत माणूस पाठमोरा उतरतो ना, तशी.

कमळू उकिडवा बसला. एका पावलात त्याने आपला तळहात ठेवला... आणि बराच वेळ उचलला नाय.