सरळ दिसणारा कठडा

निरीक्षण केंद्राच्या पडद्यावर धरणाचा कठडा नेहमीसारखाच सरळ होता. वाकली होती ती ओळंब्याची दोरी.

डॉ. कुमुदिनी पाथरे यांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिले. टेकडीवरील प्रतिमायंत्रापुढे, साठ पावलांवर, त्यांनी सकाळी स्वतः उभे राहून खांब रोवून घेतला होता आणि त्यावरून वडिलांचा पितळी ओळंबा सोडला होता. वडील गवंडी. दुसऱ्याने उभारलेल्या भिंतीवर ओळंबा धरल्याशिवाय त्यांनी कधी पुढची वीट ठेवली नाही. मातीच्या या धरणाखालच्या विहिरी गढूळ झाल्याचे कानी आले, तेव्हा निवृत्त बाई तो पिशवीत घालूनच निघाल्या होत्या.

"वाऱ्याने हलला असेल, बाई," केंद्रप्रमुख कुलदीप साळवी म्हणाला. तो त्यांचा एकेकाळचा विद्यार्थी.

"खाली तीन किलो पितळ आहे. वाऱ्याने दोरी कलेल, धनुष्यासारखी वाकणार नाही. इतके तरी शिकवले होते मी तुला."

"मग भिंगाचा दोष. कडेच्या रेषा वाकतातच."

"कठडाही कडेलाच आहे. तो का नाही वाकला?"

"यंत्र भिंगदोषाचे निवारण करते म्हणून..." साळवी थबकला. "पण ते फक्त पडद्यावर एरवी दिसणाऱ्या प्रतिमेत. आत्ता उघडली आहे ती कच्ची प्रतिमा, प्रकाशाची जशीच्या तशी नोंद. तिला यंत्र हात लावत नाही, असे प्रमाणपत्र तुम्हीच दिले आहे."

बाईंना ती चाचणी आठवली. नऊ वर्षांपूर्वी त्यांनी निवारणाची कळ चालू ठेवून एक कच्ची प्रतिमा घेतली होती आणि बंद ठेवून दुसरी. दोन्ही बिंदूला बिंदू जुळल्या. त्या अहवालावर सही झाली आणि दुर्बीण घेऊन कठड्यावरून फिरणारे मोजणीदार घरी गेले. कच्ची प्रतिमा हाच एकमेव पुरावा ठरला.

"दोन्ही सारख्या, म्हणून दोन्ही अस्पर्श, असे मी धरून चालले," त्या सावकाश म्हणाल्या. "दोन्ही सारख्याच दुरुस्त केलेल्या असतील, हे मनातही आले नाही. कळ पडद्यापुरतीच होती, साळवी. निवारण त्याआधीच होत होते."

"झाले तरी ते बरोबरच असणार ना?"

"उन्हाने भिंगाचा आकार किंचित बदलत जातो, म्हणून यंत्र रोज निवारणाचे माप नव्याने काढते. कशावरून?"

"दृश्यातली सर्वांत लांब रेषा सरळ आहे असे मानून." त्याचा आवाज खाली गेला. "म्हणजे कठड्यावरून."

"कठडा फुगला, की यंत्र म्हणते भिंग बिघडले. मग ते कठडा सरळ करते आणि त्याच मापाने बाकीचे सगळे वाकवते. बाकी झाडे, खडक, पाणी. त्यांत वाकलेले कोणाला कळणार? दोरीला काही झालेले नाही. धरण वाकले आहे."

साळवीचा हात धोक्याच्या भोंग्याच्या फलकाकडे गेला आणि तसाच राहिला. हाताने भोंगा वाजवण्याची सोय त्या प्रमाणपत्रानंतर काढून टाकली होती. आता तो कच्च्या प्रतिमेच्याच पुराव्यावर वाजे. धरणाखालच्या कोंढवळ्यात त्याची आई राहत होती.

"उभा काय राहिलास? ओळंबा यंत्राच्या जवळ आण. प्रतिमेत दोरीची लांबी कठड्याहून जास्त भरू दे, म्हणजे यंत्र तिलाच सरळ मानेल, आणि माप पुन्हा काढायला लाव."

वीस मिनिटांनी पडद्यावर दोरी सरळ झाली. कठड्याचे पोट खालच्या अंगाला सुटलेले दिसले. आकडा उमटला: एकेचाळीस सेंटिमीटर. भोंगा आपोआप ओरडू लागला.

"आई, शेळ्या राहू देत! आधी देवळाच्या टेकडीवर चढ... अगं, भांडीही राहू देत!" फोन खाली ठेवून साळवी वळला. "बाई, अकरा गावे हलवायची आहेत. किती वेळ आहे?"

"सरकण्याचा वेग कळला तर सांगेन."

वेगासाठी जुन्या नोंदी हव्या होत्या. निवारणाचे माप तर यंत्र रोज पुसून नवे लिहीत असे. बाईंनी संग्रह उघडला. एकेचाळीस सेंटिमीटर नऊ वर्षांतले होते की कालपासूनचे, हे त्यांना शोधायचे होते.

तीन हजारांहून अधिक कच्च्या प्रतिमा एकामागून एक सरकू लागल्या. प्रत्येकीत कठडा सरळ होता, आणि प्रत्येकीखाली त्यांच्या प्रमाणपत्राचा क्रमांक होता.

"बाई," साळवीने पुन्हा विचारले, "किती वेळ?"