सांधतेल

गॅरेजच्या फरशीवर तेलाचा डाग दिसणं आता बंदच झालं होतं. त्यामुळे कोल्हापूरबाहेरच्या रेसिंग ट्रॅकवर, शर्यतीच्या गाडीखाली तळहाताएवढं काळं थारोळं दिसलं तेव्हा अनघा खोत चक्रावली. तिनं बोट लावून पाहिलं. तेलच होतं.

हायड्रोजनवर चालणारं ते इंजिन तिनं स्वतः बांधलं होतं आणि त्यातलं सांधतेल तिच्या नवऱ्यानं, प्रबोधनं शोधलेलं. कुठे फट पडून तेल किंवा वायू निसटू लागला, की या तेलातले सूक्ष्म कण तिथे गोळा होत आणि जखमेवर खपली धरावी तशी पातळ कातडी धरत. गळती आपोआप बुजे. गेल्या वर्षापासून हायड्रोजनवरच्या सगळ्या बसमध्ये हेच तेल होतं.

तिनं प्रबोधला फोन लावला.

"सील नीट बसलं नसेल," तो म्हणाला. "थोडं तेल वाढव, धरेल."

"मागचं सील कालच बदललंय. आज तेल मोजायच्या पट्टीच्या नळीतूनही तेल येतंय. दोन्हीकडून एकदम कसं गळेल? आतून दाब येतोय, प्रबोध."

इंजिनात पिस्टनच्या रिंगांना चुकवून थोडा हायड्रोजन वायू खाली क्रँककेसमध्ये, म्हणजे तेलाच्या तळपेटीत, उतरतोच. ब्रीदरची नळी तो बाहेर काढते. रिंगा झिजल्या तर वायू जास्त उतरतो, नळी तुंबली तर तो साठतो. अनघानं सिलिंडरमध्ये हवा भरून पाहिली. रिंगा ठणठणीत होत्या. ब्रीदरची नळी काढून फुंकली. मोकळी होती. मग तिनं तळपेटीला दाबमापक जोडला आणि शाहीनला हाक मारली.

शाहीन मुल्ला त्यांची ड्रायव्हर. हेल्मेट काखेत धरून ती आली.

"उभ्या गाडीत काही कळत नाहीये," अनघा म्हणाली. "इंजिनावर ताण आला की काय होतं ते बघायचंय. दोन-तीन फेऱ्या मार."

"एवढ्याच? ताई, काल गाडी अशी ओढत होती की मला उतरूच वाटंना!"

पहिल्या फेरीत पडद्यावरचा दाबाचा आकडा जागचा हलला नाही. दुसऱ्या फेरीत सरळ रस्त्यावर तो चढला, आणि वळणावर शाहीननं वेग कमी केला तरी उतरला नाही.

"शाहीन, आत ये," अनघा रेडिओवर म्हणाली.

"ही फेरी संपवते की..."

"आत ये म्हणते ना!"

गाडी समोर येऊन थांबली. "बंद कर इंजिन!" अनघा ओरडली. शाहीननं बटण दाबलं. इंजिन थांबलं, आणि पुढच्याच क्षणी तळपेटी फुटली.

हायड्रोजनची ज्वाळा उन्हात दिसत नाही. लोकांना दिसली ती फक्त शाहीन, रिकाम्या हवेशी झटापट करणारी. तेल पेटून नारिंगी झालं तेव्हा कुठे त्यांना कळलं, आग कुठे आहे ते. त्यांनी तिला ओढून काढलं तोवर हातमोजे बोटांना चिकटले होते.

रुग्णवाहिकेत, ट्रॅकवर आलेले शाहीनचे वडील चढले. अनघाही चढणार होती, पण पायाशी पडलेला ब्रीदरच्या नळीचा तुकडा तिला दिसला. त्याचं तोंड करड्या कातडीनं गच्च बंद होतं. तिच्या डोळ्यांदेखत ती कातडी निवत, आक्रसत गेली आणि नळीतून पलीकडचा उजेड दिसू लागला. अनघा तिथेच थांबली.

बातमी कळून प्रबोध धावत आला तेव्हा तिनं तुकड्यावर गरम हवेचा झोत धरला. कातडी फुगली. नळी पुन्हा बंद.

"तेलाला ही गळतीच वाटली," प्रबोध पुटपुटला. "वायू बाहेर जातोय, म्हणून बुजवलं."

"आणि थंड झाल्यावर तपासलं की सगळं ठीक. बसची तपासणी कधी होते?"

"सकाळी. डेपोत." त्याचा चेहरा उतरला. "आधी प्रयोगशाळेत खात्री करून घेऊ, अनू. एवढ्या गाड्या एकदम..."

"शाहीनच्या हातांनी खात्री नाही झाली तुझी?"

त्यानं फोन काढला आणि बसच्या नियंत्रण कक्षाला लावला. आपलं नाव सांगितलं, चूक आपली आहे हेही सांगितलं.

"सगळ्या गाड्या?" पलीकडच्या बाईंनी विचारलं. "साहेब, आत्ता घाटात तीसेक गाड्या चढतायत. भरलेल्या."

अनघानं फोन ओढून घेतला. "थांबवा त्यांना. माणसं उतरवा, लांब न्या."

"उतरवते. पण मॅडम, इंजिनाचं काय? बंद करायचं की चालू ठेवायचं?"

शाहीनचं इंजिन बंद केलं म्हणून फुटलं, की चालू राहिलं असतं तरी फुटलंच असतं? अनघानं प्रबोधकडे पाहिलं. तो तिच्याकडेच पाहत होता.

"हॅलो? मॅडम, बंद करायचं तरी आणि चालू ठेवायचं तरी बटणापाशी कुणाला तरी बसावं लागणारच. ड्रायव्हरला काय सांगू?"