पूर्ण हात

फर्गसला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तो सगळ्या गावाला हात हलवत होता.

म्हणजे अगदी गाडीच्या खिडकीतून कोपरापर्यंत बाहेर काढून, जत्रेला निघालेल्या पोरासारखा. ऑस्ट्रेलियातल्या आमच्या मॅली भागात रस्त्यांवर समोरून गाडी आली की स्टिअरिंगवरची तर्जनी तेवढी उचलायची, बस्स. फर्गस मेलबर्नहून आलेला, रॉसकाकांच्या गॅरेजमध्ये नुकताच लागलेला. त्याला हे कुणी सांगितलंच नव्हतं. लोक घाबरून गाड्या थांबवत होते.

मीही थांबवली. काच खाली केली, आणि त्या गारठलेल्या सकाळी मागे उघडा हौदा असलेल्या माझ्या म्हाताऱ्या यूटनं आपलं गाणं सुरू केलं – टिक टिक टिक टिक.

"आग कुठे लागलीय?" मी विचारलं.

"आग? छे, मी नुसतं गुड मॉर्निंग म्हणत होतो." मग त्यानं कान टवकारले. "तुझ्या गाडीनं घड्याळ गिळलंय का?"

"माझ्या गाडीला नावं ठेवायची नाहीत."

"नावं कुठे ठेवली? मी वेळ विचारतोय."

हसू लपवायला मला आरशात बघावं लागलं. त्याचे विस्कटलेले केस, नाकावर ग्रीसचा डाग, आणि डोळे... डोळ्यांचं नंतर सांगते.

खरं तर ती टिकटिक हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती. त्या वर्षी पहिल्यांदाच माझ्या स्वतःच्या मधमाश्यांच्या पेट्या होत्या. नदीकाठच्या बदामाच्या बागेत फुलोऱ्यापुरत्या त्या नेऊन ठेवायचं मी कबूल केलं होतं. आठवड्याभरात बदाम फुलणार होता, आणि फुलं काही कुणाच्या इंजिनासाठी थांबत नाहीत. बाबांनी तर सांगूनच टाकलं होतं, "टॅमसिन, यूट चालली तर मधमाश्या. नाहीतर माझ्या खताच्या दुकानात ये." मला ते दुकान लहानपणापासून आवडत नाही. तिथं खिडकीसुद्धा नाही.

यूट गॅरेजात नेली. फर्गसनं लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनावर टेकवलं, मूठ कानाला लावली आणि डोळे मिटले. मला त्याच्या पापण्या निवांत बघता आल्या.

"इंजिनाच्या झडपांचे टॅपेट वाजतायत," तो म्हणाला.

दुपारभर खपून त्यानं टॅपेट नीट बसवले. दुसऱ्या सकाळी चावी फिरवली, तर टिक टिक टिक. रॉसकाकांनी टोपी मागे सारून निकाल दिला, "आत काहीतरी गेलंय. इंजिन उतरवावं लागेल. पंधरा दिवस धर."

पंधरा दिवस... तोवर बदामाची फुलं मातीत मिळाली असती. माझे डोळे भरून आले. ते कुणाला दिसू नयेत म्हणून मी बॉनेटखाली डोकं घातलं, तर तिथं फर्गसचं डोकं आधीच होतं.

"रडतेयस?"

"नाही. पेट्रोलच्या वासानं."

"ही डिझेलवर चालते."

"फर्गस, तू मेकॅनिक आहेस का वकील?" मी नाक पुसलं. "मला एक कळत नाही. ही सकाळी गार असताना वाजते, आणि गावाबाहेर पडून तापली की गप्प बसते. आतलं मोडलं असतं तर तापल्यावर गप्प कशी बसली असती?"

तो माझ्याकडे बघतच राहिला. "हे तू आधी का नाही सांगितलंस?"

"तू विचारलंस कुठे? तू वेळ विचारलीस."

त्याचा चेहरा लाल झाला, आणि मग एकदम उजळला. "मॅनिफोल्ड... इंजिनातून धूर बाहेर नेतो ना, तिथं कुठेतरी फट असणार. गार असताना त्यातून धूर फुसफुसतो, त्याचीच ही टिकटिक. लोखंड तापलं की फुगतं आणि फट बुजते. पण दाखवल्याशिवाय काका ऐकायचे नाहीत. सायलेन्सरमधून धूर सोडून बघायचं एक मशीन असतं, पण ते मेलबर्नला..."

"धूर?" मला हसूच आलं. "अरे, धूर तर मी रोज सोडते."

दुसऱ्या दिवशी सूर्य उगवताना तो आमच्या अंगणात हजर. यूट रात्रभर गार पडलेली. मी मधमाश्यांना शांत करायची धूरदाणी घेतली, तिच्यात निलगिरीची सुकी साल पेटवली आणि तिची चोच सायलेन्सरच्या तोंडात घातली. भोवतीची फट फर्गसनं फडक्यानं दाबून धरली. त्यासाठी त्याला माझा हातही धरावा लागला... निदान तो तसं म्हणाला.

बाबा आणि रॉसकाका चहाचे मग घेऊन कुंपणाला टेकले होते, तमाशा बघायला.

मी धूरदाणीचा भाता दाबत राहिले. काहीच दिसेना.

"चल, दुकानाची चावी देतो," बाबा म्हणाले.

"थांबा," फर्गस म्हणाला.

बॉनेटखाली, इंजिनाच्या अगदी मागच्या कोपऱ्यातून, एक बारीक निळी रेघ वर आली. डोलत, लाजत, पण आली. निलगिरीचा वास सगळ्या अंगणात पसरला. रॉसकाकांनी चहाचा मग खाली ठेवला, टॉर्च मारला आणि बराच वेळ वाकून पाहिलं.

"मॅनिफोल्ड आवळून धरणारा स्टड तुटलाय," ते म्हणाले. "एवढंच. संध्याकाळपर्यंत होईल. पोरी, ती धूरदाणी मला विकतेस का?"

"नाही विकायची. मेकॅनिक मात्र उधार द्या," मी म्हणाले. मला इतका आनंद झाला होता की लाजायचं राहूनच गेलं.

तुटलेला स्टड काढता काढता दुपार झाली. सॉसेज रोल खाताना मी त्याला रस्त्याचा रिवाज शिकवला.

"एकच बोट. हात स्टिअरिंगवरून सुटता कामा नये."

"आणि पूर्ण हात?"

"पूर्ण हात दोनच वेळा. आग लागली तर, नाहीतर समोरून आपलं माणूस येत असेल तर."

"म्हणजे मी इतके दिवस सगळ्या गावाला..."

"हो. सगळ्या गावाला."

त्यानं कपाळावर हात मारला. तेव्हाच मी ते डोळे जवळून पाहिले. मध उन्हात धरल्यावर दिसतो ना, तसा रंग.

बदाम फुलला त्याच पहाटे माझ्या पेट्या बागेत पोचल्या. ऊन पडताच माश्या भराभरा बाहेर पडल्या आणि पांढऱ्या फुलांत दिसेनाशा झाल्या. मी जिंकले होते. रिकामा हौदा घेऊन गावाकडे निघाले. इंजिन इतकं गुपचूप चाललं होतं की मला माझंच गुणगुणणं ऐकू येत होतं.

तेवढ्यात समोरून गॅरेजची गाडी आली. फर्गस.

त्यानं बोट उचललं. एकच. अगदी शिकवल्यासारखं.

माझं मन खट्टू झालं. एवढा कसा नीट शिकला हा? तो शेजारून जाणार, इतक्यात मी काच खाली केली आणि हात खांद्यापर्यंत बाहेर काढून हलवला.

करकचून ब्रेक लागला. त्याची गाडी मागे येत माझ्या खिडकीशी थांबली.

"आग लागलीय?" त्यानं विचारलं.

"नाही."

"मग..."

"मग दुसरं कारण काय सांगितलं होतं, आठव."

त्याला आठवलं. तो उतरून माझ्या खिडकीपाशी आला, आणि वाकला... पुढचं मी सांगणार नाही. मागून रॉसकाका ट्रॅक्टर घेऊन आले, आमच्याकडे बघून त्यांनी शांतपणे एक बोट उचललं आणि कडेनं निघून गेले.

दुसऱ्या सकाळी मी गावात गेले, तर समोरून येणारी प्रत्येक गाडी – टपालवाली बाई, शाळेची बस, आणि शेवटी खताच्या पोत्यांसकट माझे बाबा – सगळ्यांनी मला खिडकीतून पूर्ण हात हलवला.