मागाचं तेल

"तो घेऊ नका… त्याच्या कमरेत दम न्हाय."

खडे बाजारातल्या खेळण्यांच्या दुकानात, भाच्यासाठी गाडीचा माणूस होणारा रोबो मी हातात घेतला होता — आणि मागून हा आवाज. वळून पाहिलं. बाह्या दुमडलेल्या, कोपराला सुताचा तंतू चिकटलेला. वडगावचा समर्थ, हे नंतर कळलं. घरी वडिलांचे, आप्पांचे, कापडाचे माग, आणि मागांच्या वरच्या माळ्यावर जुन्या रोबोंचा संसार.

"तुम्हाला विचारलं कुणी?" मी म्हटलं. लाजला… पण थांबला नाही.

शेजारच्या गाड्यावर उसाचा रस पिता पिता त्यानं मला रोबोंच्या पिढ्या समजावल्या. पहिले धातूचे, वजनदार, पण बिचाऱ्यांना हात धड वर करता येत नसे. मधल्यांची कोपरं, मनगटं सगळी वळायची — त्याच्या मते तेच सगळ्यांत नेटके. आताचे दिसायला देखणे, आतून पोकळ, आणि गाडीचा निम्मा टप पाठीवर दप्तरासारखा लोंबतोय. मी पहिल्यांच्या बाजूनं भांडले. माझ्याकडं एक होता ना — बाबांनी गोव्याहून आणलेली पिवळी जीप. तोंडानं घरघर करत ते ती उलगडायचे. बाबा गेले, तेव्हापासून तो रोबो कपाटावर नुसता उभा.

"आणा की एकदा. बघू दे तरी."

नेला. खरं सांगू? रविवारी निपाणीची मंडळी मला बघायला येणार होती. स्थळ चांगलं, आई खूश. आणि मी मात्र वडगावच्या बोळातली मागांची खटखट ऐकत जिना चढत होते…

समर्थनं रोबो हातात घेतला. कंबर कुरकुरली, तशी त्यानं सवयीनं मागाची तेलाची कुपी उचलून दोन थेंब सोडले. कुरकुर थांबली. टेबलावर उभा केला, तर रोबो — हळूच खाली बसला. पुन्हा उभा केला. पुन्हा बसला.

सांधा घट्ट असला तरच हे उभे राहतात, हे त्यानंच मला शिकवलं होतं. मी ओढणीच्या टोकानं त्याच्या कमरेचं तेल टिपू लागले.

"तुम्ही बघत होता," तो पुटपुटला. "भान न्हाय राहिलं, हात आपोआप तेलाकडं गेला."

मग त्यानं सांधा खोलला, साबणानं धुतला, पुसला, आणि खिळीवर सुताचा एक धागा घट्ट गुंडाळला. खालून त्याच्या आईनं जेवायला हाक मारली, त्याला ऐकूच आली नाही. रोबो उभा राहिला.

"मूळचा न्हाय राहिला आता. आत आमचं सूत हाय."

"राहू दे," मी म्हटलं.

बराच वेळ तो पान्हा पुसत बसला. निपाणीचं त्याला मी सांगितलंच होतं.

"स्थळ… बरं हाय?"

"बरं आहे. पण शनिवारी तू ये आमच्याकडं."

"काय म्हणून येऊ?"

"पोहे खायला."

त्याचे कान लाल झाले. खालचे माग खटखटत राहिले.

"पोहे खायला एकटं येत न्हाईत, चिन्मयी," तो म्हणाला. "आप्पांना घेऊन येतो."