साम्यभिंग

दर वर्षी एप्रिलच्या तिसऱ्या रविवारी बिर्गिट साडी नेसायची. नेसायची म्हणजे अंगाभोवती गुंडाळून अकरा सेफ्टी पिनांनी जखडायची. मग केकवर डेन्मार्कचे छोटे झेंडे आणि मधोमध एक तिरंगा रोवला जायचा. पिवळट रश्श्यात मांसाचे गोळे शिजायचे आणि ऑरहूस शहरातलं हे घर त्याला चौतीस वर्षं बिनदिक्कत भारतीय जेवण म्हणत आलं होतं. मिरजेच्या एका अनाथाश्रमातली आठ महिन्यांची मुलगी या दिवशी विमानातून उतरली आणि किर्स्टन झाली, त्याचा हा आगमनदिन. किर्स्टनला कुणी विचारलं असतं, तर तिने तो दहाव्या वर्षीच बंद केला असता. पण जिचा सोहळा तिलाच विचारायची या घरात रीत नव्हती.

यंदा मात्र ती एक गोष्ट बोलायची ठरवूनच आली होती. तिची पाच वर्षांची आल्मा रंगाने थेट आईवर गेलेली. बालवाडीत कुणीतरी तिला सांगितलं होतं, की नीट धुतलं तर हा रंग निघतो. आत्ताही न्हाणीघरात नळ वाहत होता.

"आई, तीन आठवडे झाले, ती हात घासतेय," किर्स्टन बिर्गिटला म्हणाली. "कातडी सोलवटलीय तिची."

"मुलं बोलतात गं काहीबाही. तू फार मनाला लावून घेतेस. आम्हाला तर तुझा रंग कधी दिसलाच नाही."

हे वाक्य किर्स्टनला तोंडपाठ होतं. दुकानातल्या रखवालदाराने सगळ्या मैत्रिणींत तिचीच पिशवी उघडून पाहिली, तेव्हा हेच. फोनवर नाव ऐकून घरमालकाने देऊ केलेली खोली तोंड बघितल्यावर भरली, तेव्हाही हेच. रंग न दिसणं हा या घराचा मोठेपणा होता आणि मिरवायला तो फारच स्वस्त होता. कामावरची सांगलीची मृणाल तरी कुठे वेगळी? "नशीब काढलंस गं," असं म्हणून कॉफीचा घोट गिळायच्या आतच तिने विचारलं होतं, "जातबीत काही कळली का?"

"आणि उन्हात टोपी घालत जा," बिर्गिट वाढता वाढता म्हणाली. "नाक बघ कसं लालबुंद झालंय. तांबूस ठिपकेही उठलेत, अगदी माझ्यासारखे."

किर्स्टनचा हात थांबला. तिचं नाक जन्मात कधी लाल झालं नव्हतं. तिने चमचा उचलून त्यात पाहिलं. नाक होतं तसंच होतं, सावळं. मग तिने बिर्गिटच्या डोळ्यांकडे पाहिलं. बुबुळांभोवती भिंगांची बारीक रुपेरी कड चमकत होती. अशी भिंगं आता सगळेच लावत. परक्या भाषेतली पाटी वाचून दाखवायची, विसरलेल्या माणसाचं नाव सुचवायचं, ही त्यांची कामं. किर्स्टनही लावायची, पण ऑफिसपुरती.

"आंदर्स," तिने भावाला विचारलं, "आईला मी कशी दिसते?"

आंदर्स त्याच भिंगांच्या कंपनीत होता. त्याने बटाट्याचे गरजेपेक्षा जास्त तुकडे केले.

"त्याला साम्यभिंग म्हणतात," तो म्हणाला. "विस्मरण झालेल्या म्हाताऱ्यांसाठी काढलं होतं. घरातली माणसं ओळखू येत नाहीत, म्हणून भिंग सगळ्यांच्या चेहऱ्यांची आणि कातडीच्या रंगाची सरासरी काढतं आणि प्रत्येकाला थोडं तिकडे झुकवतं. मग सगळे आपले वाटतात. लोकांना आवडलं, म्हणून सरसकट विकायला लागलो."

"आपल्या घरात कोणाकोणाची सरासरी?"

"आई, मी, माझी बायको, तू. आणि बाबांचाही चेहरा अजून यादीत आहे."

"म्हणजे चार गोरे आणि एक मी. त्यातला एक मेलेला, तरी त्याचं मत धरलंय. छान लोकशाही आहे! किती वर्षं झाली?"

"सहा."

आल्मा पाच वर्षांची होती. किर्स्टनला आधी हसू आलं आणि मग किळस आली. जी बाई नातीला उराशी धरून अंगाई म्हणायची, तिने त्या नातीचं तोंड एकदाही पाहिलं नव्हतं.

"आई, भिंगं काढ. आल्माला हाक मारते. एकदा बघ तिच्याकडे."

"आत्ता? जेवण निवेल ना!" बिर्गिटचे डोळे भरले. रडणं तिला छान जमायचं, आणि ती रडली की माफी मागायची पाळी नेहमी दुसऱ्यावर यायची. "मी तुला माझी मानलं, एवढाच माझा गुन्हा? तुम्ही वेगळ्या दिसू नये, म्हणून तर केलं."

"कुणाला वेगळ्या दिसू नये?" किर्स्टन म्हणाली. "रस्त्यावरच्या कुणाच्या डोळ्यांत हे भिंग घालणार आहेस? बाहेर मी बघून घेते, आई. पण या टेबलावर तरी कुणीतरी मला बघायला हवं होतं. तुला मुलगी हवी होती, आणि मिळाली ती पाहवली नाही, म्हणून यंत्र आणलंस."

बिर्गिटने बोट डोळ्यापाशी नेलं. ते तिथेच थांबलं. मग त्याच बोटाने तिने डोळा पुसला आणि रश्श्याचं भांडं पुढे सरकवलं. किर्स्टनला या बाईची कीव करायचीही इच्छा उरली नव्हती. ती पोरीला घेऊन निघायला उठली.

न्हाणीघरातला नळ केव्हाच बंद झाला होता.

"तिला आगमनदिनाची भेट दिलीय मी," बिर्गिट घाईघाईने म्हणाली. "छोटा चष्मा. मुलांना भिंगं चालत नाहीत ना."

"आई!" आतून आल्मा ओरडली. एवढा आनंद तिच्या आवाजात कित्येक दिवसांत नव्हता. "आई, निघाला! सगळा निघाला!"

ती धावत आली. नाकावर लाल दांड्यांचा चष्मा आणि समोर पसरलेले दोन ओले, सोलवटलेले, सावळे हात. ते ती उलटसुलट करून पुन्हा पुन्हा बघत होती. मग तिने आईकडे पाहिलं आणि टाळ्या पिटल्या. "तुझा पण निघाला!"

किर्स्टन गुडघ्यांवर बसली. तिने चष्म्याला हात लावला, तशी आल्माने दांड्या दोन्ही मुठींत घट्ट धरल्या.

"नको ना," ती कुजबुजली. "काढला की परत येईल का?"