आपण दोघी

सुनेत्रा त्या दिवशी घरातून निघाली ती फक्त जुन्या कॅसेट आणायला. क्योतोत जानेवारी सरत आला होता, आभाळ सकाळपासून खाली उतरलेलं, आणि ओहाराच्या डोंगराकडे जाणाऱ्या बसमध्ये शेवटच्या थांब्यांना ती एकटीच उरली होती. एकटेपणाची तिला सवय होती म्हणा.

तिचं कामच तसं होतं. पुण्याहून ती इथं पीएच.डी.साठी आली होती, खांती भाषेवर. सैबेरियातल्या ओब नदीच्या खोऱ्यात मासे धरून, शिकार करून राहणाऱ्या लोकांची ही भाषा. तिच्या बोली इतक्या वेगळ्या की उत्तरेकडच्या माणसाला पूर्वेकडच्याचं बोलणं धड कळत नाही. दक्षिणेची बोली तर केव्हाच विझली. सुनेत्रा अभ्यास करत होती तो पूर्वेकडच्या, वाख नदीच्या काठच्या बोलीचा. ती बोलणारी उरली आहेत थोडीशी म्हातारी माणसं, आणि तिकडे जायचे मार्ग सध्या बंद. पुस्तकांतून, ध्वनिफितींतून तिनं ती बोली घोटून घोटून शिकली. पण त्या बोलीत एकाही जिवंत माणसाशी ती बोलली नव्हती. मराठी तरी कुठं बोलत होती? भावाला, स्वानंदला, मेसेज केला की तो उत्तरादाखल नुसता अंगठा पाठवायचा. तेवढंच.

मोरिवाकी नावाचे प्राध्यापक पूर्वी वाखकाठी जाऊन एका आजीबाईचं बोलणं टेप करून आले होते. गेल्या पानगळीत ते वारले. आता त्यांची पत्नी घर विकणार होती, म्हणून तिनं फोन करून सुनेत्राला बोलावलं होतं.

घर गावाच्या टोकाला, देवदारांच्या सावलीत होतं. मोरिवाकीबाईंनी तिला चहा दिला, रॉकेलची शेगडी पेटवली आणि कॅसेटचं खोकं पुढ्यात ठेवलं.

"सुनेत्रा-सान, मला दवाखान्यात जाऊन यायचंय. तुम्ही निवांत ऐका. टेपरेकॉर्डर अजून चालतो." दाराशी त्या जरा थांबल्या. "पलीकडची खोली ह्यांची. तिथं मात्र थंडी फार आहे. दार उघडू नका."

त्या गेल्या. बाहेर बर्फ भुरभुरायला लागलं. सुनेत्रानं हेडफोन लावून पहिली कॅसेट सुरू केली.

खरखर. चुलीतल्या लाकडांचा तडतडाट. मग आजीबाईचा आवाज, कोरडा, पण आत कुठंतरी हसरा. ती आपला दिवस सांगत होती. आम्ही दोघी पाणी आणतो, आम्ही दोघी जाळं विणतो, आम्ही दोघी जेवतो. आपल्या संस्कृतासारखं खांतीतही द्विवचन असतं. दोघांसाठी वेगळं रूप, त्यात तिसऱ्याला जागा नाही. आजीबाईच्या तोंडी सगळीकडे तेच होतं.

प्राध्यापकांनी अडखळत विचारलं, "आजी, तुम्ही तर इथं एकट्याच राहता. मग दुसरी कोण?"

"बोलायला दुसरं माणूस लागतंच ना? बहीण होती, ती गेली. मग मी बोलावलं. आलं."

"कोण आलं?"

चुलीत लाकूड सारल्याचा आवाज.

"नीट बोलावलं की येतं," आजीबाई म्हणाली. आणि तिनं एक वाक्य सांगितलं. त्याचा अर्थ, आपण दोघं घरी जाऊ या. एवढंच.

प्राध्यापकांनी ते म्हणून पाहिलं. आजीबाई हसली. त्या वाक्यात जीभ मागं वळवून काढायचा आवाज होता, अगदी आपला ळ. जपानी जिभेला तो वळेना. प्राध्यापक पुन्हा पुन्हा म्हणत राहिले, आजीबाई पुन्हा पुन्हा दुरुस्त करत राहिली. शेवटी ती म्हणाली, "राहू दे. तुझ्याच्यानं नाही व्हायचं." आणि कॅसेट संपली.

सुनेत्रानं हेडफोन काढले. अंगावर शहारा आला होता. पण त्या शहाऱ्याखाली एक वेडा आनंदही होता. इतकी वर्षं शिकलेल्या बोलीतला सगळ्यात अवघड आवाज तिच्या जिभेवर जन्मापासून होता! कुणाला तरी ते ऐकवावंसं वाटलं. रिकाम्या घरात तिनं ते वाक्य म्हटलं. मोठ्यानं. अगदी स्वच्छ.

पलीकडच्या खोलीतून आवाज आला, "हं…"

शिकवणाऱ्यानं समाधानानं द्यावा तसा हुंकार.

सुनेत्रा जागची हलली नाही. टेपरेकॉर्डर बंद होता. खोलीतला रॉकेलचा वास हळूहळू मागं सरला आणि त्या जागी ओल्या लाकडाच्या धुराचा, माशांच्या खवल्यांचा वास दाटला. मधलं कागदी दार सरकलं. फार नाही, हात जाईल इतकंच. आत अंधार होता आणि तिथून कुणीतरी श्वास घेत होतं, लांबून चालत आल्यासारखं…

मोरिवाकीबाई परतल्या तेव्हा ती कोट घालून पायरीवर बर्फात बसली होती.

बाईंनी उघड्या दाराकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "तुम्ही ते वाक्य म्हणालात?"

सुनेत्रानं मानेनंच हो म्हटलं.

"हे रोज संध्याकाळी म्हणायचे," बाई हळू आवाजात म्हणाल्या. "आणि आतून कुणीतरी त्यांची चूक सुधारायचं. मला वाटायचं, टेप असेल. हे म्हणायचे, 'माझा उच्चार चुकतो. दारापर्यंत आलंय, पण आत येत नाही…' ते गेले, तरी आतून सुधारणं काही थांबलं नाही. बोलणारं कुणी नसताना."

"मग तुम्ही मला का बोलावलंत?"

बाईंनी कमरेत खोल वाकून नमस्कार केला आणि बराच वेळ वर पाहिलंच नाही.

सुनेत्रा कॅसेट तिथंच टाकून आली. बसमध्ये तिच्या शेजारची जागा शेवटपर्यंत रिकामी राहिली. गर्दी झाली, माणसं उभी राहिली, तरी तिथं कुणी बसलं नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बाईंचा फोन आला. आवाज हलका झालेला. "काल झोप लागली. घर अगदी शांत आहे हो. क्षमा करा… आणि आभार."

फोन ठेवून सुनेत्रा आपल्या एका खोलीच्या घरात उभी राहिली. खिडकीबाहेर दिवे लागत होते. तिनं भात लावला. दिवे मुद्दामच सगळे लावून ठेवले. पाठीमागं, भिंत आणि कपाट यांच्यामधल्या कोपऱ्यात, ओल्या लाकडाचा वास होता.

"जेवलीस का गं?" कोपऱ्यातून कुणीतरी विचारलं.

आई गेल्यापासून हे विचारणारं कुणी उरलं नव्हतं. सुनेत्रानं डोळे घट्ट मिटले. पळावं, किंचाळावं, स्वानंदला फोन लावावा, सगळं मनात आलं. पण घशातून आवाज निघाला तो भलताच मऊ होता.

"नाही अजून," ती म्हणाली. "तू?"

कोपऱ्यात काहीतरी हललं, जवळ आलं. तेव्हा कुठं तिच्या लक्षात आलं की तो प्रश्न मराठीत होता, आणि मोरिवाकींच्या त्या घरात ती मराठीचा एक शब्दसुद्धा बोलली नव्हती.