खेळात टाकलेलं नाव

“बंद कर ते, राधाकिसन! भिवाचं तेरावंबी झालं न्हाई, अन् तू पुन्हा खेळ मांडून राह्यला?”

“कडूमावशी, हळू बोला. वाचनालय हाय हे.”

“मंग पडद्यावर माणसं तोडून राह्यलेत, ते कोणतं पुस्तक?”

राधाकिसन आमच्या मंठ्याच्या वाचनालयाचा ग्रंथपाल. नवं इंटरनेट आलं तसा त्यानं कॉम्प्युटरवर हा खेळ लावला. आपलं नाव टाकायचं की पडद्यावर आपला लढवय्या उभा राहतो, अन् कुठकुठली माणसं त्याच्याशी लढतात. खेळायला येणारे जाताना पुस्तकं नेतात, असं तो सांगायचा. नेतही होते. मी काही यंत्राची वैरीण नाही. याच वाचनालयात वर्तमानपत्रांच्या मथळ्यांची अक्षरं जुळवत मी आपली आपण वाचायला शिकले. पण आठ दिवसांमागं वाचनालयाच्याच शिपायानं, भिवानं, दुपारी खेळात स्वतःचं नाव टाकलं. पडद्यावर एका बिनचेहऱ्याच्या माणसानं कुऱ्हाडीनं त्याची मान तोडली. दिवस मावळायच्या आत भिवा कपाशीत सापडला. मान कातड्यावर लोंबत होती.

“बांधाचं भांडण होतं त्याचं,” राधाकिसन म्हणाला. “खेळ कुणाला मारत न्हाई. हे बघा, मीच माझं नाव टाकतो.”

टाकलं.

तेवढ्यात लाइट गेली. पंखा थांबला. पडदा मात्र विझला नाही. त्यातला बिनचेहऱ्याचा माणूस वळला, आमच्याकडे चालत आला, मोठा मोठा होत गेला... आणि पडद्यावर नुसती हिरवी जमीन उरली. खोलीत खाटकाच्या ओट्यासारखा वास सुटला.

पुस्तकांच्या कपाटामागून हाक आली. भिवाचाच आवाज.

“राधाकिसनभाऊ... ओ भाऊ...”

त्यानं ओ द्यायला तोंड उघडलं. मी तळव्यानं ते दाबून धरलं. तो माझ्या हाताला कडकडून चावला, रक्त आलं. मी सोडलं नाही.

“कोण हाय तिथं...?” कपाटामागून पुन्हा तोच आवाज.

माझ्या आधीची भावंडं जगली नाहीत. मरणानं चाखावं अन् थुंकून टाकावं, म्हणून आईनं माझं जे नाव ठेवलं, तेच मी सांगितलं, “कडू.”

कपाटामागं कोणीतरी थुंकलं.

“अन् दुसरा?”

“कचरू.” राधाकिसनचं नाव मीच बदललं; कचरा कोणी उचलून नेत नाही.

फरशीवर लोखंड घासत गेलं. दाराबाहेर... राधाकिसनच्या घराच्या वाटेनं. मागं ओली रेघ.

“मावशी... स्पीकरमधला आवाज असंल तो...” तो अजून वाद घालत होता.

मी त्याच्या कानाला लागले. “ते तुला घरी धुंडत असंल, कचऱ्या; जुन्या नावानं कोणी हाक मारली, तुझ्या आईचा आवाज असला तरी, ओ देऊ नको.”